न पाहिलेलं कॉलेज

धाकटीला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि चारच दिवसांनी ती गच्चीच्या जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. पहिलं सत्र अंथरुणातच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ताई त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. बहिणीचा जीव रमावा म्हणून ती रोज तिथले चार-पाच फोटो काढून आणायची.

"हे कुठलं, ओळख बरं!"

"मी पाऊल तरी ठेवलंय का तिथे?"

धाकटी फणकारली खरी, पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पोटावर उशी, उशीवर बाबांचा जुना लॅपटॉप, असा तिचा कारखाना सुरू झाला. ब्राउझरमध्ये उघडेल असा साधा खेळ. वर फोटो, खाली कॉलेजचा नकाशा. फोटो कुठला ते नकाशावर खूण करून सांगायचं. मग तुमच्या खुणेपासून खऱ्या जागेपर्यंत लाल रेघ उमटणार आणि किती मीटरने चुकलात ते कळणार. जागेचे आकडे मोबाईलने फोटोसोबत नोंदवलेले असतातच, तेच तिने उचलले. पहिल्या खेपेला अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली आणि ग्रंथालयासकट अख्खं कॉलेज भर समुद्रात जाऊन पडलं. दोघी इतक्या हसल्या की काय झालं म्हणून आई धावत आली.

आधी ताईच्या सात मैत्रिणी खेळल्या. दोन महिन्यांत अकराशे जण खेळायला लागले. खेळ रचणारीने कॉलेज पाहिलेलंच नाही, हे ताईने कुणालाही कळू दिलं नाही.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी धाकटी काठी टेकत फाटकाशी उतरली. ताईची मागच्या सत्राची राहिलेली तोंडी परीक्षा होती.

"एकटी जाशील?"

"तुझं कॉलेज तुझ्यापेक्षा मला जास्त पाठ आहे. पळ तू."

आत शिरताच स्पर्धेसाठी दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या तिघी मुली तिला भेटल्या. त्यांना जुनं सभागृह सापडत नव्हतं.

"माझ्याबरोबर चला. दुसऱ्या वळणाला हिरवं फाटक, त्याच्या मागून जिना," धाकटी म्हणाली.

वळण आलं, हिरवं फाटक आलं. जे जे ती मनात म्हणत होती ते ते समोर उभं राहत होतं. तिच्या अंगावर काटा आला. पण रस्ता चढाचा आहे, हे एकाही फोटोने सांगितलं नव्हतं. खेळातल्या नकाशावरचे एकशे चाळीस मीटर चढताना तिला धाप लागली. एका खिडकीतून पेटीचे सूर येत होते, ओल्या मातीचा वास येत होता. यातलं काहीच तिच्या लॅपटॉपमध्ये नव्हतं.

जिन्याच्या अलीकडे ती थबकली. त्रेसष्ट नंबरच्या फोटोतली साल सुटलेली बुंध्याची कड तिने लगेच ओळखली. कुंपणाजवळचं एखादं झाड असेल, असं तिला वाटत आलं होतं. तिने मान वर केली, आणखी वर केली. चार मजली इमारतीच्या डोक्यावरून ते झाड पलीकडच्या अंगणात उतरलं होतं. वर कुठेतरी शेकडो पक्षी कलकलत होते, पण दिसत एकही नव्हता.

"काय झालं? पाय दुखतोय का?" तिघींपैकी एकीने विचारलं.

"नाही गं," धाकटी कुजबुजली. "हे एवढं मोठं आहे!"

त्या तिघीही वर बघायला लागल्या. सभागृहातली घंटा झाली तेव्हा कुठे त्या धावत सुटल्या.

धाकटी वर्गात पोचली ती वीस मिनिटं उशिरा.

"इतका उशीर?" सरांनी विचारलं.

"सर, झाड बघत होते."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "जिन्याजवळचं? मी बावीस वर्षं बघतोय," ते म्हणाले. "बस."

ती खिडकीशी बसली. वही उघडली आणि तारखेच्या जागी झाडाचा बुंधा काढायला घेतला. फांद्यांना पान पुरेना.