बार्टलीची लांबची वाट

नवा पूल झाल्यापासून गावातली प्रेतयात्रा पाव तासात कबरस्तानात पोचत असे. पण नवरा गेला तेव्हा डेलिया मॅनियन अडून बसली.

"माझा बार्टली जुन्याच वाटेनं जाईल. मेलेल्या माणसाला जवळच्या वाटेनं नेत नाहीत. घालवून दिल्यासारखं दिसतं."

"काकू, नदीला पाणी आहे," शेजारचा टोमास म्हणाला.

"त्याला आता काय सर्दी होणार आहे?"

डेलियाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

तिच्या पोटात वेगळंच होतं. जुनी वाट नदीत उतरते ती फेस्टसच्या दारावरून. फेस्टस म्हणजे बार्टलीचा सख्खा धाकटा भाऊ. दलदलीतली, वाळवून चुलीत जाळायची माती कापायच्या एका पट्ट्यावरून दोघांचं फाटलं, आणि वर्षानुवर्षं ते एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. शेवटच्या आजारात बार्टली दाराकडं बघत विचारी, "फेस्टस आला का?" तो आला नाही. मग डेलियानं नवऱ्यालाच त्याच्या दारी न्यायचं ठरवलं. दारावरून प्रेतयात्रा गेली की हाडवैऱ्यानंही तिच्याबरोबर तीन पावलं चालायचं असतं.

फेस्टस टोपी काढून बाहेर आला. मोजून तीन पावलं चालला आणि थांबला. रीत पुरी झाली होती.

यात्रा पाण्याशी आली. नदीतून शवपेटी न्यायची ती मेलेल्याच्याच आडनावाच्या चौघांनी, अशी रीत. दोन पुतणे होते, एक चुलतभाऊ होता. चौथा कोपरा रिकामा. टोमास पुढं सरसावला, तशी डेलियानं त्याची बाही धरली.

"तू मॅनियन नाहीस रे, बाळा."

सगळे उभे राहिले. मागं वळून कुणीच बघितलं नाही. बघणं म्हणजे फेस्टसला ढकलणं झालं असतं.

बऱ्याच वेळानं फेस्टस खाली आला, दगडावर बसला आणि बुटांचे बंद सोडू लागला.

"पाणी चढलंय हे दिसत नव्हतं का, वहिनी?"

"दिसत होतं, भाऊजी. पण तुमचं घराणंच हट्टी."

त्यानं खांदा दिला. डेलिया झगा सावरत मागोमाग पाण्यात शिरली. मधोमध पेटी जराशी कलली. फेस्टसनं लाकडाला गाल टेकला.

"जपून रे, बार्टली," तो हळूच म्हणाला. "इथला दगड निसरडा आहे."

बार्टली गेल्यापासून डेलिया रडली नव्हती. आता गुडघाभर पाण्यात उभी राहून ती पोटभर रडली.