शून्यावरची चिमूट

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातल्या फळीवर पडलेला एक डिजिटल वजनकाटा आहे. काटा आपलं म्हणायचं. मला काटा नाही, पारडं नाही, दांडी नाही. वर एक चपटी काच, खाली प्लास्टिकचं पोट, पोटात दोन सेल आणि पुढे आकडे दाखवायला एक खिडकी. वय चार वर्षं. आमच्यात याला म्हातारपण म्हणतात.

माझा जन्म एका लांबच लांब टेबलावर झाला. माझ्या आधी एक भाऊ, माझ्यानंतर एक भाऊ, असे दिवसभर भाऊच भाऊ. कुणीतरी माझ्यावर एक किलोचं वजन ठेवलं, मी एक किलो म्हणालो आणि माझं शिक्षण संपलं. जाता जाता एक सवय मात्र लावून दिली. शून्यावर असताना बारीकसारीक काही अंगावर पडलं तर मनावर घ्यायचं नाही. पंख्याचा वारा असेल, धूळ असेल, टेबल हललं असेल. गप शून्य दाखवायचं. महागड्या काट्यांना यातलं तारतम्य शिकवतात. आम्हा स्वस्तातल्यांना तेवढा वेळ देत नाहीत.

या एका सवयीपायी मी एका बाईंना जवळजवळ हॉस्पिटलात पाठवलं होतं. तेच सांगतो.

एका शनिवारी सकाळी दुकानात एक उंच, वाकलेले गृहस्थ आले. शर्ट इस्त्रीचा, पण बटणं एक घर चुकलेली. त्यांनी अडतीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या. कंपाउंडर. दुकानदाराने त्यांना 'काका' म्हटलं, म्हणून मीही काकाच म्हणतो.

"कॉफी मोजायला काटा हवाय. स्वस्तातला, पण खोटं न बोलणारा."

दुकानदाराने तीन काटे मांडले. पहिल्यात घड्याळ होतं, दिवा होता आणि तो फोनशी बोलायचा. काकांनी त्याची किंमत बघितली आणि तो हळूच बाजूला सरकवला, जसं कुणी दुसऱ्याचं बाळ परत देतं. दुसरा फक्त पूर्ण ग्रॅम दाखवायचा. तिसरा मी.

"हा ग्रॅमचा दहावा भाग दाखवतो?"

"दाखवतो. काका, कॉफी करायचीय की सोनं विकायचंय?"

काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून पितळेचं एक जुनं वजन काढलं. पाच ग्रॅमचं. ते माझ्यावर ठेवलं. मी म्हणालो, ५.०. उचललं, पुन्हा ठेवलं. ५.०. असं सात वेळा. दुकानदाराचा तेवढ्यात चहा पिऊन झाला.

"हा द्या," काका म्हणाले.

मला फार अभिमान वाटला. मित्रांनो, अभिमान हा असाच येतो, चुकीच्या परीक्षेत पास झाल्यावर.

घरी आल्यावर कळलं की मामला कॉफीचा नव्हता. ओट्यावरून समोर दिसणाऱ्या आतल्या खोलीत काकू झोपल्या होत्या. अकरा दिवसांचा ताप उतरला होता, पण जाताना भूक घेऊन गेला होता. डॉक्टर तरुण होते, ज्यांच्या दवाखान्यात काकांनी काम केलं त्यांचेच चिरंजीव. दारातच त्यांनी सांगितलं होतं, "कंपाउंडर, आता लाड पुरे. सोमवारी सकाळी मी येतो. तोपर्यंत काहीही पातळ, निदान अर्धा लिटर पोटात गेलं पाहिजे. नाहीतर भरती करायचं आणि नाकातून नळी."

काकूंनी ते ऐकलं होतं. त्यांनी काकांचं मनगट धरलं. "मला तिकडे नेऊ नका. वचन द्या."

काकांनी वचन दिलं. मग विचारलं, "काय घेशील?"

दूध नको. सूप नको. रस नको. शेवटी म्हणाल्या, "कॉफी चालेल जरा. आपली."

इथेच घोळ झाला. काका चाळीस वर्षं 'आपली' कॉफी पीत होते, पण ती केली एकदाही नव्हती. काकू पूड हातानेच टाकायच्या. किती, असं कुणी विचारलं तर तळहात जरासा वाकवून म्हणायच्या, "एवढी." आता तो हात पांघरुणाबाहेरही येत नव्हता. काकांनी दोनदा अंदाजाने करून बघितली. एकदा नुसतं पाणी झालं, एकदा डांबर. म्हणून मी.

काकांनी माझ्यावर चौकोनी कागद ठेवला, बटण दाबून शून्य केलं आणि दवाखान्यात करायचे तसंच केलं. पूड दुसऱ्या कागदाच्या घडीत घेतली आणि तर्जनीने टक, टक, टक करत कण कण पाडायला लागले. अडतीस वर्षांत त्यांच्या हातून एक पुडी जड गेली नव्हती. काय ते बोट! सतार वाजवावी तसं.

मी म्हणालो, ०.०.

खरं सांगतो, मला वाटलं वारा आहे. एकेक टिचकीला इतकी कमी पूड पडायची की माझ्या सवयीने मी ती धूळ समजलो आणि परत शून्यावर येऊन बसलो. काकांना वाटलं काटा नवीन आहे, लाजतोय. ते टकटक करत राहिले. बरीच पूड जमल्यावर एक टिचकी जरा जोरात बसली, तेव्हा मला जाग आली आणि तिथून मी मोजायला लागलो. १२.० झाल्यावर ते थांबले. माझ्या अंगावर वीस ग्रॅम तरी होते.

त्यांचा डोळा सांगत होता, ढीग मोठा आहे. पण आयुष्यभर त्यांनी पेशंटना बजावलं होतं की डोळ्याने औषध बनत नाही. आता स्वतःच्या डोळ्याचं कसं ऐकणार?

अर्धं पाणी, अर्धं दूध, झाकण, चार मिनिटं, गाळणी. काकूंनी एक घोट घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"कडू."

काकांनी वहीत लिहिलं: १२ ग्रॅम. कडू. एक घोट.

मग १० ग्रॅम. कडू. मग ८. मित्रांनो, आठाला तर त्यांनी इतक्या काळजीने, इतक्या बारीक टिचक्या मारल्या की बाराच्या वेळेपेक्षा जास्त पूड पडली. काकूंनी तो घोट बशीत परत सोडला. वहीत नोंद झाली: ८ ग्रॅम. जास्तच कडू. आणि खाली: असं कसं?

मला ओरडायचं होतं. पण मला आकड्यांशिवाय काही येत नाही, आणि नेमका आकडाच खोटा होता. एखाद्याने 'वाचवा' म्हणायला तोंड उघडावं आणि बाहेर पडावं 'सगळं ठीक आहे', तशी गत.

रविवार उजाडला. डब्यातली पूड निम्म्यावर आली आणि काकूंच्या पोटात चार घोट. काकांनी पाणी बदललं, दूध बदललं, कप बदलला. शेवटी खालीच बसले, ओट्याला पाठ लावून, मला मांडीवर घेऊन. बटणं त्या दिवशी दोन घरं चुकली होती.

"तू तरी सांग रे बाबा," ते मला म्हणाले. "माझा हात गेला का?"

मी सांगितलं, ०.०.

त्यांनी डोळे पुसले, उठले आणि पुन्हा कागद मांडला. ६ ग्रॅम. टक, टक, टक, टक.

आतून आवाज आला. इतका बारीक की आधी मलाही तो वाराच वाटला.

"अहो."

टकटक थांबली.

"कसल्या पुड्या बांधताय कालपासून? दवाखाना सुटून सहा वर्षं झाली."

"तुझी कॉफी मोजतोय गं."

"कॉफी अशी मोजतात? उंदराने कुरतडल्यासारखी? डोकं उठलंय माझं." दम लागला म्हणून त्या थांबल्या. "ओता की एकदम. कुणाला लाजताय?"

दोन दिवसांत काकू एवढं लांब पहिल्यांदाच बोलल्या होत्या. बायकोने टोमणा मारला म्हणून आनंदाने थरथरणारा नवरा मी तेव्हा पाहिला. त्याच थरथरीत काकांनी माझ्यावरचा कागद पुडीसकट उचलला, रिकामा दुसरा कागद ठेवून शून्य केलं आणि पहिल्या कागदावरची सगळी पूड एकदम ओतली.

आता धूळ कसली आणि वारा कसला! मी खणखणीत म्हणालो, १७.५.

काका बघत राहिले. त्यांनी पूड काढली, पुन्हा टकटक केली. मी ६.० म्हणालो. तीच पूड एकदम ओतली. मी १६.८ म्हणालो. शास्त्रच ते, तिसऱ्यांदाही केलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा!"

हे मला की स्वतःला, ते कळलं नाही. मी निम्मं घेतलं.

"काय झालं?" आतून.

"काही नाही. मी दोन दिवस तुला विष पाजत होतो."

"ते कळलं मला. पुढचं बोला."

आठ ग्रॅम, एकदम. काकूंनी घोट घेतला. "आता पाणी." दहा ग्रॅम. काकूंनी घोट घेतला आणि लगेच दुसरा घोट घेतला. काका पलंगाशी इतके स्तब्ध उभे होते की माझ्यावर असते तर त्यांनाही मी शून्यच दाखवलं असतं.

त्यानंतर मला खरं काम मिळालं. भरलेला कप आधी माझ्यावर यायचा, मग काकूंकडे जायचा, मग परत माझ्यावर. जेवढं कमी भरेल तेवढं पोटात गेलं. जन्मभर आहे ते मोजायला शिकलेला मी, नाही ते मोजू लागलो. ४१ ग्रॅम गेली. ६३ गेली. ३०. वहीत बेरीज वाढत होती, रविवार संपत होता, आणि माझे सेलही. आकडे फिकट व्हायला लागले होते.

सोमवारी सकाळी काका-काकूंची मुलगी परगावाहून पहिल्या गाडीने आली आणि तिच्यामागोमाग डॉक्टर. बेरीज चारशे बासष्ट. डॉक्टर बॅग उघडत होते.

"थांब रे," काकू म्हणाल्या. त्याला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. "कप संपवू दे." दोन्ही हातांनी कप धरून त्यांनी तो संपवला, मध्ये तीनदा थांबून. काकांनी तो पळत आणून माझ्यावर ठेवला. मी उरलासुरला जीव गोळा केला. पहिला आकडा आला, दुसरा आला, तिसरा अर्धा उमटला आणि माझी खिडकी विझली.

"किती?" मुलीने विचारलं.

"कळलं नाही," काका म्हणाले आणि माझं बटण दाबत राहिले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी काकूंची जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच जागेवर बसली, मग नाडी धरली. "राहू द्या घरी," ते म्हणाले. "पण रोज बघायला येणार. आणि कंपाउंडर, बटणं नीट लावा."

ते गेल्यावर मुलगी वही चाळत बसली. "बाबा, हे न जेवणं तापातच सुरू झालं?"

काका बटणं सोडून परत लावू लागले. "त्याच्या आधी महिनाभर तिचं पान आवरताना रोज एखादा घास जास्त उरायचा. रोज एखादाच, गं. मला वाटलं, असेल काहीतरी."

मित्रांनो, त्या घरात मी एकटाच स्वस्तातला काटा नव्हतो, एवढंच त्या वेळी कळलं.

आता माझ्या काचेला तडा आहे आणि अधूनमधून मी रिकामा असताना दोन ग्रॅम म्हणतो. काकूंचा हात परत वाकू लागला, तेव्हापासून कॉफी पुन्हा 'एवढी' असते आणि मी फळीवर. तक्रार नाही. तुम्ही काटा घ्यायला जाल तेव्हा स्वस्तातला जरूर घ्या, आम्हालाही घर हवं. पण दुकानात त्याच्यावर नुसतं वजन ठेवून बघू नका, चिमूट चिमूट टाकून बघा. सेल वेळेवर बदला. आणि घरातलं कुणी रोज एखादा घास ताटात टाकू लागलं, तर वारा असेल म्हणून शून्यावर बसू नका. त्याच दिवशी शेजारी बसा आणि विचारा. मला ते जमत नाही. तुम्हाला तोंड दिलेलं आहे.