शेवटची चार गणितं

गुनार्सोला व्यवस्थापनाच्या संगणकावरच्या प्रवेशपरीक्षेत सहाशे पंचेचाळीस गुण हवे होते. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा सहाशे पाचवर अडकला. त्याच्या सिमेंट कारखान्याचा नियम सरळ होता. सप्टेंबरअखेर एवढे गुण मिळवील त्यालाच कंपनी जाकार्ताच्या व्यवस्थापन संस्थेत पाठवणार आणि पुढे तिथल्याच कचेरीत घेणार. जाकार्तात त्याची सासू होती, आणि सासूकडे त्याची सहा वर्षांची मुलगी किनांती. बायको गेल्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून तो ग्रेसिकला कारखान्याच्या भट्टीवर आणि मुलगी तिकडे, असं चाललं होतं.

ऑगस्टमध्ये तो सुराबायाला एंदाहबाईंकडे गेला. बाई निवृत्त गणितशिक्षिका, घराच्या पुढच्या खोलीत शिकवायच्या. त्याने चुकांची वही पुढे ठेवली. चुकलेलं प्रत्येक गणित तीन-तीन रीतींनी सोडवलेलं होतं. बाईंनी वही चाळली आणि मिटली. मग निकालाचा कागद मागितला. कुठल्या प्रश्नाला किती वेळ लागला ते त्यावर छापलेलं असतं. आठव्या गणिताला सहा मिनिटं, बाराव्याला सात, शेवटची चार रिकामी.

"बारावं काय झालं?"

"जमत आलं होतं, बाई."

"जमलं का?"

"नाही."

बाईंना दुखणं कळलं. त्याच्या वेळच्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळत आणि चुकलं की एक कापला जाई. मास्तर मुलांकडून एकच घोकून घेत: खात्री नसेल तर सोडा. बाईंनीही तीस वर्षं तेच घोकून घेतलं होतं. या परीक्षेत मात्र उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न पडद्यावर येतच नाही. म्हणून गुनार्सो खात्री पटेपर्यंत बसून राही. चुकीपेक्षा रिकाम्या जागेचा फटका मोठा, हे त्याने वाचलं होतं. बोट ऐकत नव्हतं.

मग दर शनिवारी एकच काम. दोन मिनिटं झाली की बाई प्रश्नावर तळहात ठेवत आणि त्याने कुठलाही एक पर्याय सांगायचा. तो अजून अर्धं मिनिट मागून घेई. एका शनिवारी बाई वैतागल्या.

"इंजिनिअरसाहेब, लग्न ठरवतानाही एवढे थांबला नसाल."

लग्नाला थांबलो नाही, तो म्हणाला. तिच्या ऑपरेशनला थांबलो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने दोन दिवस मागून घेतले होते, नीट चौकशी करायला. त्या दोन दिवसांनी फरक पडला असता का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

बाई आत जाऊन चहा घेऊन आल्या. त्याचा चहा पिऊन होऊ दिला. मग पान उलटून म्हणाल्या, "हं, पुढचं."

परीक्षेत अकरावं गणित दळण्याच्या दोन यंत्रांचं निघालं. एक इतक्या तासांत दळतं, दुसरं तितक्या, मध्येच एक बंद पडतं. त्याचं रोजचंच काम. चार मिनिटांत हे सुटणार, हे त्याला दिसत होतं. दोन मिनिटं संपली तशी त्याने अंदाजाने एक पर्याय दाबला. पुढे आणखी दोनदा तसंच केलं. शेवटचं गणित झालं तेव्हा चाळीस सेकंद उरले होते.

सगळं संपल्यावर पडद्यावर आकडा आला. सहाशे पंचावन्न.

बाहेर येऊन त्याने बाईंना फोन केला. किती ठिकाणी अंदाजाने दाबलं, त्यांनी विचारलं. तीन. त्यातली बरोबर किती? माहीत नाही, तो म्हणाला. "मग नका शोधू," बाई म्हणाल्या.

सासूबाईंना त्याने, संस्थेचे वर्ग सुरू होतात तेव्हा, जानेवारीत येतो म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "नक्की का? पोरीला सांगू आणि मग काही निघालं तर?"

कंपनीचं पत्र अजून यायचं होतं.

"पत्र यायचंय, आई," तो म्हणाला. "तरी सांगा तिला."