वहिनीच्या वाट्याची विश्रांती

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पत्रा कापून, वाकवून, डाख देऊन एका कारागिराने मला घडवलं आणि पोटात बुचाची गोळी सोडली. मला स्वतःचं मत नाही. ज्याच्या तोंडात जाते त्याचं मत मी मोठ्याने सांगते, आणि या एका गुणावर मला फार लवकर मान मिळाला.

माझे मालक म्हणजे मैदानावरचे सर. भरतीसाठी धावणाऱ्यांना ते तयार करत. माझ्या आवाजाची दखल पलीकडच्या गल्लीतले लोकही घेत. निदान खिडक्या तरी लावून घेत.

त्या वर्षी एक नणंद आणि तिची वहिनी येऊ लागल्या. वहिनी घरी शिवणकाम करायची. तुरुंगाच्या रक्षकांची भरती निघाली होती आणि वयाच्या अटीत बसण्याची तिची ही शेवटचीच वेळ होती. दोघी मैदानाला सलग, सावकाश फेऱ्या मारायच्या आणि सासूबाईंची उणीदुणी काढायच्या. सासूबाई म्हणजे नणंदेची सख्खी आई. तरी नणंदेचाच वाटा मोठा असायचा. विषय संपायचा नाही, त्यामुळे धावणंही संपायचं नाही. एकदा श्वास आणि पाय यांचं जमलं की वहिनी कुरकुर न करता चालू राहायची.

सरांना हे बघवेना. तोंड चालतं म्हणजे पाय चालत नाहीत, असं त्यांचं शास्त्र. त्यांनी दोघींना तुकड्यातुकड्यांनी धावणाऱ्या गटात घातलं. शिट्टी झाली की समोरच्या भिंतीपर्यंत जोरात पळायचं, तिथे दम खायचा, पुन्हा शिट्टी झाली की परत पळायचं.

ऐकायला सोपं वाटतं ना? मध्ये विश्रांती आहे. नवशिका इथेच फसतो. थोडंच तर अंतर आहे, म्हणून वहिनी पहिल्याच खेपेला जीव काढून पळायची. मग थांबायची. थांबली की जमलेली लय मोडायची, पाय जड व्हायचे आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. सलग धावताना सुरुवातीचा त्रास एकदाच व्हायचा. इथे सकाळभर सुरुवातच.

त्यात सरांची नजर कायम पहिल्या येणाऱ्यावर. तो दम खाऊन, केस सारखे करून उभा राहिला की सर मला फुंकत. वहिनीचा हात तेव्हा भिंतीला नुकता लागलेला असे. ज्याला विश्रांतीची गरज नव्हती त्याला ती पोटभर मिळे आणि जिला गरज होती तिच्या वाट्याला मी.

"वहिनी, तू धावतेस कमी आणि दचकतेस जास्त," नणंद एकदा म्हणाली. वहिनी हसली नाही. थोडं हळू पळू का, असं तिने सरांना विचारून पाहिलं. हळू पळायचं तर घरातल्या घरात फिर, असं उत्तर मिळालं. एका सकाळी ती भिंतीपाशी खाली बसली.

"माझ्यात दमच नाही गं. उगाच हौस," एवढंच बोलली आणि पुन्हा आली नाही. मनाने कच्ची, असा निकाल सरांनी गटासमोर दिला.

परीक्षेत सलग धावायचं होतं, तेही बेताच्या वेगात. पास होऊन नणंद मैदानावर आली तेव्हा सर आपल्या पद्धतीबद्दल बोलू लागले.

"सर, वहिनी ही परीक्षा गप्पा मारत पास झाली असती," ती म्हणाली. "दम होता तिच्यात. तुम्ही तो घेऊ दिला नाहीत."

सरांनी घड्याळ पाहिलं आणि मला फुंकलं.

आता माझी गोळी झिजली आहे. सरांनी माझ्याहून कर्कश नवी शिट्टी घेतली आणि मला कुलपं हरवलेल्या किल्ल्यांच्या खणात टाकलं. त्याचं मला दुःख नाही. माझी निगा राखा, असंही मी म्हणत नाही. मित्रांनो, उद्या तुमच्या गळ्यात माझी एखादी बहीण आली, तर नव्या माणसाला आधी सावकाश, बोलत धावू द्या. आणि तिला फुंकण्याआधी सगळ्यात शेवटी आलेल्या माणसाकडे बघा. त्याचा श्वास परत येऊ द्या. तोवर पहिला थांबेल. त्याला घाई असलीच तर कौतुकाची असते.