बिनवासाचं आलं

गुणाबाईच्या घरात कुणी शिंकलं की आधी आलं निघायचं. खोकला झाला, आल्याचा रस मधातून. डोकं दुखलं, कपाळावर सुंठेचा लेप. पोट फुगलं, मीठ लावून आल्याचा तुकडा. बाळंतिणीला सुंठ-गूळ तर ठरलेलाच. आजार बदलायचे, औषध काही बदलायचं नाही, आणि का म्हणून विचारायची कुणाची छातीही नव्हती. गोंडपिपरीजवळच्या त्या गावात तिच्या शब्दाला वैद्याचा मान होता.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात तापाची साथ आली आणि गावच्या गाव आडवं झालं. गुणाबाईचा एकुलता मुलगा वारलू तापानं फणफणला, त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. नाला दुथडी भरून वाहत होता, म्हणजे दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. बाजारातलं आलं साथीनं कधीच संपवलं होतं. मग गुणाबाई भर पावसात परसात कुंपणाशी लावलेल्या आल्यापाशी गेली, चिखलात हात घालून गड्डे ओढून काढले, धुतले आणि सुनेपुढे टाकले.

"वाट लवकर. काढा कराचा हाये."

वच्छला पाट्याशी बसली. वाटता वाटता तिचा हात थांबला. आलं वाटलं की पाट्यावर दोरे उरतात. इथे पिठासारखा गुळगुळीत गोळा होत होता. तळहातही चुरचुरत नव्हता. तिनं हुंगून पाहिलं, पण तिचंच नाक चोंदलेलं. जिभेच्या टोकाला लावलं तर तिखट नाही, कडूजहर. ती तशीच उठून थुंकून आली.

"आत्याबाई, हे आलं नाई वाटत."

"तापानं तोंड कडू झालं तुयं. मी लावलेलं आलं मले शिकवून राह्यलीस?"

"मंग वास घेऊन पाहा न."

गुणाबाईनं गोळा नाकाशी नेला. "हाये वास," ती म्हणाली. साफ खोटं. तिचंही नाक सकाळपासून बंद होतं. पण गावाला बरं करणारीलाच पडसं झालं, हे ती मेली तरी कबूल करणार नव्हती. माणसाला कशाचा ताठा असावा याला काही सुमार नाही. तिनं गोळा उचलला आणि चुलीवरच्या पाण्यात सोडला.

वच्छला घाबरली. उरलेला एक गड्डा तिनं पदरात घेतला आणि पावसात धावत सुटली. आता एक धड नाक पाहिजे होतं, एवढंच. शेजारच्या घरात सगळी घोंगड्याखाली. तिथल्या रुखमानं गड्डा नाकाशी नेला आणि शिंकतच सुटली. पाटलाच्या घरी म्हातारा म्हणाला, "मले त शेणाचा वास बी येऊन नाई राह्यला." अख्ख्या गावात मोकळं नाक सापडेना. एरवी कुणीही पोट धरून हसावं अशी गोष्ट. पण तिकडे चुलीवर काढा उकळत होता.

उरली शकुबाई, कुंपणापलीकडची एकटी विधवा. उन्हाळ्यात गुणाबाईचं वासरू मेलं, तेव्हा शकुबाई करणी करते असं गुणाबाईनंच उठवलं होतं. तेव्हापासून त्या दारात कुणी पाय ठेवत नव्हतं. माणसं तिच्या दारी गेली नाहीत, म्हणून तापही तिथे पोचला नव्हता.

वच्छलानं पुढे केलेला गड्डा शकुबाईनं हुंगला, नखानं सोलून पुन्हा हुंगला, आणि तिचा चेहरा उतरला.

"याले आल्याचा वासच नाई वं. कळलावी हाये ही. कुंपणावर वेल चढून राह्यली न, तिचा गड्डा. अडलेल्या बाईच्या पोटावर लेप लावतेत याचा. पोटात गेलं त माणूस जाते. कोनाले देल्लं?"

"काकी, यायले, माया घरधन्याले!" वच्छला कुंपणाकडे धावली.

दोघी कुंपणातूनच घुसल्या. काट्यांनी हात फाटले.

घरात गुणाबाई वारलूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काढ्याची वाटी त्याच्या ओठांशी होती.

"देऊ नोको, गुणाबाई! कळलावी हाये थे!"

गुणाबाई कडाडली. "तू माया घरात? वासरू खाल्लं, आता पोराचं औषध बी तोडाले आलीस? पी रे वारलू, पी."

पोरानं आईचं ऐकून तोंड उघडलं. शकुबाईनं पुढे होऊन हाताचा फटका मारला. वाटी भिंतीवर जाऊन आदळली, काढा ओघळला. वच्छलानं नवऱ्याचे ओठ पदरानं खसाखसा पुसले आणि तिला रडू कोसळलं.

शकुबाई बोलत बसली नाही. आपल्या परसातून आलं उपटून आणलं, गुणाबाईपुढे टाकलं. "वास येत नसन त चावून पाहा."

गुणाबाईनं चावलं. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. तिनं भिंतीवरच्या ओघळाकडे पाहिलं. मग पाटा धुऊन घेऊन तिनं स्वतःच ते आलं वाटायला घेतलं.

वारलू उठून बसायला लागला, तोवर गोष्ट गावभर झाली होती. विहिरीवर बाया जमल्या होत्या. शकुबाई नेहमीसारखी बाजूला, आपली पाळी यायची वाट पाहत उभी होती. रुखमा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "हुंगल्याबरोबर विष ओळखलं म्हणे तिनं! अशी विषाची वळख चांगल्या बाईले असते का, गुणाबाई? तूच सांग."

सगळ्यांनी गुणाबाईकडे पाहिलं. तिच्या एका शब्दावर शकुबाईचं वाटोळं झालं होतं. आता दुसऱ्या शब्दानं तिला गाव सोडावं लागलं असतं. शकुबाईनं मान खाली घातली होती. गुणाबाईनं भरलेली घागर पुन्हा खाली ठेवली.

"विष तिनं नाई आणलं, रुखमा," ती म्हणाली. "मी खोदलं. मी शिजवलं. माया हातानं माया पोराच्या ओठाले लावलं. करणीवाली म्हणाचं असन कोनाले, त मले म्हणा."