खिशात झिजलेला डॉलर

जुनी नाणी जमवणारी माणसं अर्धी खुळी असतात आणि त्यांच्या जिवावर दुकान चालवणारी मी पूर्ण खुळी. पण कर्ट ट्रॅक्सलर सगळ्यांच्या वरचा. आमच्या कोशॉक्टन गावातली बाकीची गिऱ्हाइकं कोरं, चकचकीत नाणं शोधत यायची. हा पठ्ठ्या सगळ्यात झिजलेलं मागायचा.

आमच्या धंद्यात नाण्याला एक ते सत्तर असे गुण देतात. सत्तर म्हणजे टाकसाळीतून आत्ताच पडलेलं. एक म्हणजे नाण्यावरचा चेहरा, गरुड, सगळं पुसलेलं, फक्त साल कसंबसं वाचता येतं. साल गेलं की गुणही गेले, उरली नुसती चांदी. कर्टला चांदीच्या डॉलरचा संच करायचा होता, प्रत्येक सालचा एक, आणि प्रत्येकाला एकच गुण. असे हौशी देशभर आहेत, त्यांची आपसात चढाओढही चालते. कर्टचं घोडं अडलं १९०३ पाशी. त्या सालचे डॉलर बहुतेक तिजोऱ्यांत पडून राहिले. हाताळलेच गेले नाहीत, तर झिजणार कुठून?

"मग मीच झिजवतो," कर्ट म्हणाला. त्या सालचा आठ गुणांचा एक डॉलर माझ्याकडून घेतला आणि जीन्सच्या खिशात टाकला.

"वाळूत घास, लवकर आटपेल," मी चिडवलं.

"लोरेटाबाई, या वयात लबाडी शिकवता? खिशात ठेवायचा, अंगठ्यानं चोळायचा. बस."

वर्षानुवर्षं तो तसा चोळत फिरला. डॉलर तीन गुणांवर आला. मग एका फेब्रुवारीत त्याची गाडी बर्फावरून घसरून पुलाच्या कठड्यावर आदळली. एकतीस वर्षांचं पोर गेलं.

त्याचा बाप हॉलिस जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. बायको आधीच गेलेली. हॉस्पिटलनं कपड्यांबरोबर परत दिलेला तो डॉलर त्यानं माझ्या टेबलावर ठेवला.

"किती राहिलंय गं याचं?"

"तीनचा आहे. एकवर यायला हवा होता."

"म्हणजे अजून चोळायचा."

"हॉलिस, तुला यातलं काय कळतं?"

"चोळायला काय कळायचंय?" म्हणत त्यानं तो स्वतःच्या खिशात टाकला.

तेव्हापासून त्याचा उजवा हात कायम खिशात. चर्चमध्ये, पोस्टाच्या रांगेत, कुठंही. खानावळीतली बेट्टी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "हॉलिस, खिशात उंदीर पाळलायस का?" आणि तो हसला. कर्ट गेल्यानंतर त्याला हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं. अधूनमधून तो दुकानात यायचा. मी डॉलर भिंगाखाली धरायची आणि तो कर्टच्या गोष्टी सांगायचा. त्याच त्याच सांगायचा, मीही ऐकायची.

असं करता करता सहा वर्षं गेली. परवाच्या शरदात मी भिंग खाली ठेवलं. "झाला. एक आला. आता हात लावू नकोस. नाणी तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवू. ते गुण लिहून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतील."

"बंद म्हणजे? मग हात लागणार नाही?"

"नाही."

"मग पुढच्या आठवड्यात आणतो."

पुढच्या आठवड्यातही त्याचं तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. पालथ्या घड्यावर पाणी. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास पाहिलं तर सालातल्या शेवटच्या आकड्याचं डोकं गेलेलं. माझं टाळकं सटकलं.

"अरे, साल जायला आलं! पोराची सगळी मेहनत मातीत घालणार आहेस का?"

"अगं, त्याचा अंगठा लागलाय यावर," तो हळूच म्हणाला. "त्याच जागेवर माझा ठेवतो. दुसरं आहे काय माझ्याकडे त्याचं?"

तो डॉलर बोटांत फिरवत राहिला.

"झिजतं म्हणजे जातं तरी कुठं गं ते?"

"वरचा थर निघतो. हाताला लागतो, कापडाला लागतो. पँट धुतली की गेला."

"वरचा थर."

"हो."

त्याचा अंगठा थांबला. "कर्टचा हात लागलेला थर आहे का मग यावर अजून?"

गुण देताना मी कुणाचं मन राखत नाही, सगळं गाव मला त्यासाठी नावं ठेवतं. त्या क्षणी मात्र मी उगाच भिंग पुसत बसले.

"खरं सांग, लोरेटा."

"नाही रे. तो केव्हाच गेला."

"म्हणजे मीच पुसला."

मी टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी गेले आणि त्याला जवळ घेतलं. तो ताठ उभा राहिला, रडलासुद्धा नाही. मग त्यानं डॉलर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "पाठव."

नाताळानंतर डबी आली. एक गुण मिळाला होता. कर्टचा संच पूर्ण झाला, मी तो त्याच्या नावानं नोंदवला आणि देशभरच्या चढाओढीत तो पहिला आला. मला हसावं की रडावं कळेना. मी तशीच फोनकडे धावले.

"हॉलिस, आपला कर्ट पहिला आला रे! ये, बघायला ये."

"असू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला. "कुणी मागितला तर विकून टाक. नाणंच आहे ते."