रोग नव्हताच

दादाला सगळ्यातलं सगळं कळायचं, हीच त्या घराची खरी अडचण होती. धाकट्या भावाच्या संत्र्यांची कोवळी पानं बारीक राहून पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या, तेव्हा दादाने औषधाच्या दुकानातून चित्रांचं एक माहितीपत्रक आणलं, एका फोटोवर बोट ठेवलं आणि निकाल देऊन टाकला. हा रोग आहे, याला औषध नाही, झाडं काढ, नाहीतर बांध ओलांडून माझ्या बागेत येईल. आधी पानं तपासायला पाठवू या, असं वहिनी म्हणाली, तर तिला स्वयंपाकघराची वाट दाखवण्यात आली.

धाकटा ऐकणारा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो दुसरीत होता, आणि वडील गेल्यापासून दादाचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. सहा वर्षं जिवापाड जपलेली एकशे साठ झाडं, त्या वर्षी पहिल्यांदाच चांगली लगडलेली, त्याने चार दिवसांत कापली, बुंधे उपटले आणि जाळले. एखादं झाड चुकवून ठेवेल म्हणून दादा तेवढा वेळ बांधावर पहारा देत होता. मग धाकटा फळांच्या पेट्या ठोकायच्या कारखान्यात कामाला लागला.

दोन महिन्यांत दादाच्या बागेतली कोवळी पानं तशीच पिवळी पडली. आता मात्र साहेबांना फोटो पुरेनात. त्याने स्वतः पानं तोडली, मातीही घेतली आणि प्रयोगशाळेत नेऊन दिली. अहवाल आला. पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे, रोगाचा मागमूस नाही. जमिनीत चुना जास्त असल्यामुळे झाडांना जस्त मिळत नाही, जस्ताची फवारणी करा. आणि जमीन तर एकच, वडिलांची, मध्ये बांध घालून दोघांत वाटलेली. वहिनीने अहवाल दोनदा वाचला.

दादाने अहवाल कपाटात कपड्यांच्या खाली सरकवला. सांगून त्याची झाडं परत येणार आहेत का, उगाच त्याच्या जिवाला घोर, असं म्हणाला. केवढी ती माया! वहिनी मूग गिळून बसली. भावाभावांत वितुष्ट नको म्हणून गप्प आहोत, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खोटं होतं ते. तिला घरात कटकट नको होती. दर रविवारी धाकटा जेवायला यायचा, दादाच्या बागेची काळजीने चौकशी करायचा, आणि ती त्याला आग्रह करकरून वाढायची.

नवी पालवी फुटली ती हिरवीगार. अहवाल आल्यानंतर चौथ्या महिन्यातल्या एका रविवारी धाकटा दादाच्या बागेतून आला, हातात एक डहाळी घेऊन. ताट वाढलेलं होतं, पण तो बसला नाही. काय फवारलंस, असं त्याने दादाला विचारलं. बाजारात नवीन औषध आलंय, असं दादाने ठोकून दिलं.

"या रोगाला औषध नसतं, दादा. तूच सांगितलं होतंस."

दादाला एकदम हात धुवायची आठवण झाली. धाकटा वहिनीकडे वळला.

"वहिनी, काय मारलं?"

"जस्त," ती म्हणाली. "रोग नव्हताच."

"किती लागलं?"

"पंचवीस किलोची पिशवी आणली होती. दहा किलो उरलंय."

तो का विचारतोय, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"माझ्या झाडांना तेवढं पुरलं असतं," तो म्हणाला. डहाळी ताटाशेजारी ठेवून तो निघून गेला. ती दारापर्यंत धावली, पण हाक मारायला तोंड कुठे होतं?

दादा टॉवेलला हात पुसत आला. "बघितलंस? म्हणून म्हणत होतो, त्याला सांगायचं नाही."

तिला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. पण चार महिने तिनेही तेच केलं होतं.